बडोद्याचं विमान, अर्नाळ्याची बोट

पावसाळी मासेमारीबंदी लागली की अर्नाळ्याच्या बोटी वाळूवर येतात. ताडपत्र्यांखाली त्यांची वर्षभराची दुखणी निघतात. कुणाची फळी बदलायची असते, कुणाचं सुकाणू, कुणाला नुसता रंग हवा असतो. जुलैतल्या एका रविवारी एका तांडेलाच्या जुन्या सागवानी बोटीचं पोट असंच उघडं पडलं होतं. जुनं डिझेल इंजिन काढून ओंडक्यांवर ठेवलेलं, शेजारी नवं, जास्त अश्वशक्तीचं इंजिन प्लास्टिकात गुंडाळलेलं. पण नवं इंजिन जुन्या बैठकीवर बसेना. सुताराला निरोप गेला होता. तो येईपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तांडेल, त्याचे शेजारी मामा आणि मामांचा भाचा ताडपत्रीच्या आडोशाला चहा पीत बसले होते.

मामा हवाई दलातून निवृत्त झालेले. काम एअरफ्रेम फिटरचं, म्हणजे विमानाचा सांगाडा, पत्रे, दारं, चाकं यांचं. सत्तरच्या दशकात भरती झाले, पॅकेट विमानांची अखेरची वर्षं पाहिली आणि पुढची सगळी नोकरी एएन-३२ या मालवाहू विमानांच्या पोटाखाली काढली. भाचा वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात सीएनसी यंत्रावर ॲल्युमिनियमचे भाग कापतो. पुढच्याच आठवड्यात तो बडोद्याला निघाला होता. टाटा आणि एअरबस यांचं सी-२९५ हे लष्करी मालवाहू विमान तिथं जोडलं जातं, आणि भाच्याच्या मालकाला सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या साखळीत शिरायचं आहे.

तोंड फोडलं ते तांडेलानं. "आमच्या गावाच्या नावाचं जहाज झालं. आता विमान कधी?"

जहाज म्हणजे आयएनएस अर्नाळा. पाणबुड्या हुडकणारी ही युद्धनौका १८ जून २०२५ ला विशाखापट्टणमला नौदलात दाखल झाली. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेल्या समोरच्या किल्ल्याचं नाव तिला मिळालं आणि गावात चार दिवस तोच विषय होता.

"हे दुसरं," मामा म्हणाले. "पहिली अर्नाळा १९७२ मध्ये रशियाहून आली होती. मूळ पेत्या वर्गाची नौका, परदेशांना विकण्यासाठी फेरफार केलेली. आपल्याकडे तो अख्खा वर्गच अर्नाळा या नावानं ओळखला गेला. तेव्हा फेरफार केलेली वस्तू कमी प्रतीची असते, असं या गावात तरी कुणी म्हणू नये."

टोला कुणाला होता हे भाच्याला कळलं. सकाळपासून त्याचं एकच पालुपद चाललं होतं. जुन्या विमानांना ठिगळं लावण्याचे दिवस संपले, आता नवी करकरीत घ्यायची आणि तीही इथंच बनवायची.

"मामा, बोटीला ठिगळ लावता येतं," तो म्हणाला. "इंजिन बंद पडलं तर बोट निदान तरंगते. विमान तरंगत नाही."

"मग डाकोटाचं काय करशील?" मामांनी विचारलं.

मालवाहू विमानाची वंशावळ शोधायला गेलं तर सुरुवात बहुधा दुसऱ्याच कामासाठी केलेल्या विमानापाशी होते. डीसी-३ हे १९३५ मध्ये पहिल्यांदा उडालेलं प्रवासी विमान. महायुद्धात त्याला मोठं मालाचं दार बसलं, आतली जमीन मजबूत झाली आणि त्याचं सी-४७ झालं, तेच आपलं डाकोटा. लष्करासाठी अशी दहा हजारांवर विमानं तयार झाली. २७ ऑक्टोबर १९४७ ला पहिल्या शीख पलटणीचे जवान दिल्लीहून श्रीनगरला उतरले ते डाकोटातून. पुढच्या वर्षी, २४ मे १९४८ ला, एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन डाकोटा थेट लेहच्या वाळवंटी पट्टीवर उतरवलं. साडेअकरा हजार फुटांवरच्या त्या पट्टीवर त्याआधी विमान उतरलेलं नव्हतं. त्याच लढाईत डाकोटांच्या दारातून बॉम्ब ढकलून दिले गेले. प्रवासी विमानाचं मालवाहू झालं होतं, मालवाहूचं बॉम्बफेकी झालं.

"ती निकड होती," भाचा म्हणाला. "घरात दुसरं काही नसलं की माणूस ताटलीनंही वारा घेतो. म्हणून ताटलीला पंखा म्हणायचं का?"

तांडेल हसला. मामा हसले नाहीत. त्यांनी चहाचा कप वाळूत रोवला आणि पॅकेटची गोष्ट सुरू केली.

सी-११९ पॅकेट हे अमेरिकी विमान १९५४ पासून भारतात येऊ लागलं. मध्ये चौकोनी डबा, मागे दोन शेपट्या, आणि डब्याचं मागचं तोंड शिंपल्यासारखं उघडणारं. माल भरायला याहून सोयीचं विमान तेव्हा आपल्याकडे नव्हतं. पण त्याची पिस्टन इंजिनं लडाखच्या विरळ हवेत धापा टाकत. साठच्या दशकाच्या तोंडावर सीमेवरच्या चौक्यांना रसद पोचवायची निकड वाढली, तेव्हा पॅकेटच्या पाठीवर चक्क तिसरं इंजिन बसवण्यात आलं, तेही जेट. आधीच्या दोन इंजिनांना पंखे, आणि डोक्यावर बंगलोरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये परवान्यानं तयार होणारं ब्रिटिश घराण्याचं ऑर्फियस. नॅट या चिमुकल्या लढाऊ विमानात असायचं तेच घराणं. त्याच काळात, २३ जुलै १९६२ ला, स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी काराकोरम खिंडीजवळच्या दौलत बेग ओल्डीला, साडेसोळा हजार फुटांहून उंच पट्टीवर, पॅकेट उतरवलं.

"अमेरिकेचं धड, ब्रिटिश घराण्याचं इंजिन आणि आपल्या माणसांचे हात," मामा म्हणाले. "मी भरती झालो तेव्हा ती विमानं म्हातारी झाली होती. पाठीवरचं ते इंजिन पाहिलं की नवी पोरं हसायची. चढण चढणाऱ्या बैलगाडीला मागून माणूस ढकलतो ना, तसं होतं ते. पण गाडी वर जायची."

"किती वर्षं?"

"ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत."

"म्हणजे जगात जेट विमानं कुठल्या कुठे गेली तरी आपण पाठीवरून ढकलतच होतो," भाच्यानं धागा धरला. "मामा, मला तुझ्या पॅकेटचा अभिमान नाही असं नाही. पण जुन्या विमानात फेरफार करत राहण्यात एक आळस असतो. नवं आखायला लागू नये म्हणून आपण जुन्याला चिकटतो. आणि प्रत्येक फेरफाराची किंमत कुणीतरी मोजतं."

पुढचं नाव त्यानं जरा थांबून घेतलं. ॲव्हरो.

ब्रिटिश आराखड्याचं हे एचएस-७४८ कानपूरला जोडायला घेतलं तेव्हा स्वतंत्र भारताला त्याचं मोठं अप्रूप होतं. इथं जोडलेलं पहिलं ॲव्हरो १ नोव्हेंबर १९६१ ला उडालं आणि त्याला हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या नावावरून सुब्रतो असं नाव दिलं. हवाई दल आणि इंडियन एअरलाइन्स मिळून ८९ विमानं कानपूरहून बाहेर पडली. मोठ्या मालाच्या दाराचंही एक रूप निघालं. पण मूळ विमान प्रवाशांचं. पंख खाली, दार बाजूला, मागे उतरता फळा नाही. जीप आत घ्यायची तर कसरत. पुढे संरक्षण संशोधन संस्थेनं एका ॲव्हरोच्या पाठीवर मोठी फिरती तबकडी बसवून हवेतून टेहळणी करणाऱ्या रडारचा प्रयोग केला. ११ जानेवारी १९९९ ला ते विमान तमिळनाडूत अरक्कोणमजवळ कोसळलं. आठ जण गेले आणि त्या रूपातला प्रकल्प तिथंच थांबला.

"तबकडी वाईट नव्हती," मामा हळू आवाजात म्हणाले. "ती पेलायला आणलेलं विमान दुसऱ्याच कामाचं होतं."

"मी तेच म्हणतोय."

"नाही, तू म्हणतोयस फेरफारच नको. मी म्हणतोय, कशात फेरफार करायचा ते बघून करा."

इथून बोलणं एएन-३२ वर येणारच होतं. तांडेलानं मध्येच विचारलं, मालवाहू विमान म्हणजे नेमकं काय वेगळं असतं? मामांनी वाळूत काडीनं चित्र काढलं. पंख वरच्या बाजूला, म्हणजे धड जमिनीला टेकल्यासारखं खाली राहतं आणि ट्रकचा फाळका लावावा तसा माल चढतो. शेपूट वर उचललेली, म्हणजे तिच्याखालून मागचं दार उघडतं. चाकं धडाच्या कुशीत, जाड आणि मऊ, कच्च्या पट्टीवर चालणारी. बोटीचंही असंच असतं, तांडेल म्हणाला. जाळी ओढायची बोट आणि माणसं पलीकडे किल्ल्यावर नेणारी बोट, दोन्हींची पोटं वेगळी.

एएन-३२ ही युक्रेनमधल्या अंतोनोव्ह संस्थेच्या एका कुळातली तिसरी पिढी. आजोबा एएन-२४ हे १९५९ चं प्रवासी विमान. त्याला मागचं दार आणि उतरता फळा बसून १९६९ मध्ये एएन-२६ झालं. हा फळा मोठा मजेशीर आहे. तो खाली तर उतरतोच, पण हवा तेव्हा धडाच्या पोटाखाली सरकून जातो, म्हणजे ट्रक पाठीमागून थेट दाराला लागतो. मग उष्ण हवेत आणि उंच पट्ट्यांवर चालेल असं रूप हवं होतं, आणि त्यासाठी पहिलं गिऱ्हाईक भारत होता. जुलै १९७६ मध्ये एएन-३२ उडालं. एएन-२६ च्या इंजिनांहून जवळजवळ दुप्पट ताकदीची, पाच हजारांवर अश्वशक्तीची दोन इंजिनं त्याला बसली. इतक्या ताकदीला पंखा मोठा लागतो, सुमारे पावणेपाच मीटर व्यासाचा. तो जमिनीला लागू नये म्हणून इंजिनंच पंखांच्या वर उचलून ठेवली. त्यामुळे लांबून हे विमान खांदे वर करून बसलेल्या घारीसारखं दिसतं. १९८४ पासून ती भारतात येऊ लागली. शंभराहून अधिक आली, आणि हवाई दलानं त्यांना सतलज असं नाव दिलं.

"बघ," मामा नव्या इंजिनाकडे हात करून म्हणाले. "तांडेलाचं दुखणं तेच आहे. इंजिन मोठं झालं की बैठक बदलते. बैठक बदलली की पंख्याचा दांडा बदलतो. अंतोनोव्हच्या माणसांनी तेच केलं, पण धड तेच ठेवलं. त्याच विमानानं ३१ मे २००८ ला दौलत बेग ओल्डी पुन्हा गाठलं, चार दशकांहून जास्त काळानं. त्याच्यात दहा टक्के जैवइंधन घालून उडवलं, मोगली एरंडाच्या तेलाचं, आणि २०१९ च्या प्रजासत्ताक दिनाला ते दिल्लीवरून गेलं. एका धडानं चाळीस वर्षांत काय काय केलं याची यादी करशील तर वही पुरायची नाही."

भाच्यानं वही काढली नाही. त्यानं दोन तारखा सांगितल्या. २२ जुलै २०१६ : चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-३२, २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर नाहीसं झालं. त्याचे अवशेष जानेवारी २०२४ मध्ये समुद्रात ३,४०० मीटर खोलीवर सापडले, तेही पाण्याखाली आपोआप चालणाऱ्या यंत्राला. ३ जून २०१९ : आसामातल्या जोरहाटहून अरुणाचलातल्या मेचुकाला जाणारं एएन-३२ डोंगरात पडलं, १३ जण गेले.

किनाऱ्यावर काही वेळ कुणी बोललं नाही. समुद्रात गेलेलं माणूस साडेसात वर्षं न सापडणं म्हणजे काय, हे तांडेलाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

"त्या विमानांवर हात टाकलेला माणूस आहे मी," मामा शेवटी म्हणाले. "अपघात विमानाच्या वयानं होतो, डोंगरातल्या ढगानं होतो, आणि अशा कारणानंही होतो जे कधी कळत नाही. तू म्हणतोस म्हणून मी त्याला फेरफाराच्या खात्यावर लिहिणार नाही. पण एक तुझं मान्य करतो. जे विमान बदलायचं ते बदलायची मुभा आपल्या हातात नव्हती."

आणि इथं दोघांच्या वादाची खरी गाठ होती. २००९ मध्ये युक्रेनशी करार झाला. शंभरावर एएन-३२ नव्यानं सजवायची, आयुष्य चाळीस वर्षांपर्यंत वाढवायचं, आतली उपकरणं बदलायची. चाळीस विमानं तिकडे जाऊन यायची, उरलेली कानपूरच्या हवाई दलाच्या दुरुस्ती आगारात व्हायची. किंमत सुमारे चाळीस कोटी डॉलर. तिकडची कामं झाली, कानपूरची सुरू झाली, आणि २०१४ मध्ये रशिया-युक्रेन संघर्ष पेटला. सुटे भाग अडले, तंत्रज्ञ अडले, काम रेंगाळलं. विमानं इथं, हात इथं, पण कुठला पत्रा किती जाड करायचा याचं उत्तर कीव्हमध्ये.

"म्हणूनच सी-२९५," भाचा म्हणाला.

त्याच्याकडे आकडे तयार होते. २४ सप्टेंबर २०२१ चा करार, ५६ विमानं, सुमारे २१,९३५ कोटी रुपये. १६ स्पेनमधल्या सेव्हिलहून तयार होऊन, ४० बडोद्याला. पहिलं विमान १३ सप्टेंबर २०२३ ला सेव्हिलमध्ये ताब्यात घेतलं ते तेव्हाचे हवाई दल प्रमुख विवेक राम चौधरी यांनी, मूळचे नांदेड जिल्ह्यातले. त्याच महिन्याच्या २५ तारखेला हिंडनला ते रीतसर दलात आलं, आणि पहिली तुकडी बडोद्याचीच. ॲव्हरोंची जागा ते घेतं. ७१ जवान किंवा पन्नासच्या आसपास छत्रीधारी सैनिक, मागे उतरता फळा, आखूड कच्च्या पट्टीवर उतरण्याची तयारी. सुट्या भागांची संख्या १४,००० च्या घरात, त्यातले बहुतांश इथं घडवायचे. भारतात खासगी कंपनीनं अख्खं लष्करी विमान बनवण्याची ही पहिलीच वेळ. २८ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधान मोदी आणि स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी कारखान्याचं उद्घाटन केलं.

"आणि तो नागपूरला मिहानमध्ये व्हायचा होता, असं म्हणत आपल्याकडे २०२२ च्या ऑक्टोबरात केवढा गदारोळ झाला," तांडेल म्हणाला. राजकारणात त्याला रस असतो.

"मला बडोदा जवळ आहे," भाच्यानं विषय झटकला. "विरारला गाडीत बसलं की झालं. नागपूरला जायचं तर रात्र मोडते."

मामांनी आकडे मुकाट्यानं ऐकून घेतले. मग विचारलं, "हे ॲव्हरोच्या बदलीचं टेंडर निघालं कधी?"

"२०१३."

"आणि सही?"

"२०२१." भाचा ओशाळला. टेंडरला एकाच जोडीनं बोली लावली, टाटा-एअरबसनं. एकट्या बोलीला मंजुरी द्यावी की नाही यात वेळ गेला. दरम्यान रशियाबरोबर नवं मध्यम मालवाहू विमान मिळून आखायचा दुसरा बेतही २०१६ मध्ये गुंडाळला गेला. नव्याच्या वाटेला लागायचं तर ती वाट अशीच लांब असते, आणि तोवर सामान जुन्याच विमानानं न्यावं लागतं.

"आता हे सांग," मामा पुढे सरकले. "तुझं सी-२९५ नवं आहे का?"

भाचा काही बोलायच्या आत त्यांनीच उत्तर दिलं. सी-२९५ च्या मागे सीएन-२३५ आहे. स्पेनची कासा आणि इंडोनेशियातल्या बांडुंगची नुर्तानिओ, दोन कंपन्यांनी निम्म्या निम्म्या भागीत आखलेलं विमान. ते १९८३ च्या नोव्हेंबरात उडालं. नव्वदच्या दशकात स्पेननं एकट्यानं त्याचं धड तीन मीटर लांब केलं, पंख आणि चाकं मजबूत केली, इंजिनं वाढवली. २८ नोव्हेंबर १९९७ ला उडालेलं ते सी-२९५. मालाची क्षमता जवळजवळ दीडपट झाली. पुढे पंखांची टोकं वर वळवून इंधन वाचवणारं रूप आलं, समुद्रावर गस्त घालणारं आलं, पाठीवर तबकडीचं आणि आग विझवायला पाणी सोडणारं रूपही करून पाहिलं गेलं. निम्म्या भागीचा इंडोनेशिया लांब केलेल्या विमानात मागाहून आला, तो स्पेनचे भाग जोडायला.

"म्हणजे तुझं नवं विमानही फेरफारानंच जन्मलंय. फरक एवढाच, लांब कुणी केलं आणि जोडत कोण बसलं."

"पण मामा, लांब करून चाललं ना? मग फेरफाराला माझा विरोध कुठे राहिला?"

"तुझा विरोध ठिगळाला होता. मी विचारतोय, कात्री कुणाच्या हातात?"

भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग तो त्याच्या बाजूनं बोलला आणि त्यात तथ्य होतं. नुसती कात्री हातात असून भागत नाही, तो म्हणाला. कॅनडानं २०१६ मध्ये सी-२९५ चं शोध आणि बचावाचं रूप निवडलं. १६ विमानं, नाव किंगफिशर, म्हणजे आपला खंड्या. आखणाऱ्यांच्याच हातात कात्री होती, तरी कॅनडाला हवी ती सगळी उपकरणं एका धडात बसवताना अडचणी निघाल्या आणि काम बरीच वर्षं लांबलं. "त्यापेक्षा आधी साधं मालवाहू रूप बनवायला शिकावं. शंभर भाग नीट कापता आले की मग एकशे एकावा बदलता येतो. आमच्या कारखान्यात पोरगं आलं की पहिलं वर्षभर ते फक्त मोजतं. मोजता येत नाही त्याला कापायला देत नाही."

मामांना हे पटलेलं दिसलं. फिटरच्या धंद्यातलंच बोलणं होतं ते.

"तुझ्या मालकानं ओझरला जाऊन यायला हवं," ते म्हणाले. "नाशिकजवळच आहे. सुखोई तिथं दोनशेच्या वर जोडली. तीही आधी परवान्यानंच. पण मग अडीच टनांचं ब्रह्मोस क्षेपणास्त्र तिच्या पोटाखाली लावायचं ठरलं, तेव्हा धड मजबूत करायचं काम तिथल्या माणसांनी केलं. २५ जून २०१६ ला ब्रह्मोस घेऊन सुखोई नाशिकवरनं उडाली. जोडणाऱ्यानं बदलायला सुरुवात केली ती तिथं. बडोद्याला तसं होईल का?"

"होईल. आपल्या सी-२९५ मध्ये शत्रूच्या रडार-क्षेपणास्त्रांपासून वाचवणारी यंत्रणा भारतीय बसणार आहे. आणि नौदल, तटरक्षक दलासाठी वेगळं रूप मंजूर झालंय."

इथं तांडेलाचे कान टवकारले. कारण तटरक्षक दलाची विमानं त्याला ठाऊक आहेत. दमणच्या तळावरून उडणारी छोटी डॉर्नियर, कानपूरलाच बनलेली, वादळाच्या आधी खोल समुद्रातल्या बोटींवर येऊन घिरट्या घालतात आणि परतायला सांगतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं, मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला, तेव्हाचे दिवस अर्नाळ्यात कुणी विसरलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेनं मध्यम पल्ल्याच्या सागरी गस्ती विमानांना मान्यता दिली : नौदलाला ९, तटरक्षक दलाला ६, आणि धड सी-२९५ चं.

"म्हणजे माल नेणारं विमान आम्हाला शोधायला येणार?" तांडेलानं विचारलं.

"पोटात जीप नसेल," भाचा म्हणाला. "पोटाखाली रडार असेल, खिडकीशी बसून बघणारी माणसं असतील, जास्त वेळ हवेत राहील. डॉर्नियरपेक्षा बरंच मोठं."

"धड तेच?"

"धड तेच."

तांडेलानं आपल्या बोटीकडे पाहिलं. ती आधी त्याच्या बापानं डोलीच्या जाळ्यासाठी बांधून घेतली होती, पुढे शिडाची इंजिनाची झाली, मध्ये दोन वर्षं तिनं वाळू वाहिली, मग पुन्हा मासे. तो फक्त म्हणाला, "मग त्या विमानाला नावं बदलत राहू नका म्हणावं. एकच ठेवा."

मामा हसले. अमेरिकेचं सी-१३० हर्क्युलिस १९५४ पासून उडतंय, ते म्हणाले, आणि त्याच्या बाळांची गणती करायला गेलं तर सत्तरच्या पुढे जाते. कुणाला बर्फावर उतरायला घसरपट्ट्या, कुणाच्या कुशीतून तोफा, कोणी चक्रीवादळात शिरून वारा मोजतं, कोणी हवेत दुसऱ्याला इंधन पाजतं. नाव मात्र एकच. आपल्याकडे २०११ पासून आहे ते लांब धडाचं, सहा पात्यांच्या पंख्यांचं 'जे' नावाचं रूप. २० ऑगस्ट २०१३ ला त्यानंही दौलत बेग ओल्डी गाठलं. पॅकेट, एएन-३२ आणि हर्क्युलिस, एकाच उंच पट्टीवर तीन घराणी.

"आणि यातल्या एकाचंही धड आपण आखलेलं नाही," भाचा म्हणाला. आता तो वाद घालत नव्हता.

"पॅकेटच्या पाठीवरचं इंजिन तेवढं आपण लावलं," मामा म्हणाले.

सुतार आला तेव्हा भरती लागली होती. त्यानं जुन्या बैठकीवर हात फिरवला, नव्या इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांवर कागद धरून पेन्सिल घासली आणि नकाशा घेतला. बैठकीचं एक लाकूड चार बोटं सरकवायचं, खालून आडवी पट्टी द्यायची, पंख्याचा दांडा आखूड करायचा. बोट सुताराच्याच बापानं बांधलेली, त्यामुळे कुठला खिळा कुठवर गेलाय ते त्याला माहीत होतं. तो कुणाला न विचारता गिरमिट घेऊन खाली बसला.

मामा ते बघत होते. मग भाच्याला म्हणाले, "बडोद्याला गेलास की एक विचारशील? किती विमानं, किती भाग, किती रोजगार, ते छापून येतं. तू विचार, त्या धडात एक नवीन भोक पाडायचं झालं, साधं सहा मिलिमीटरचं, तर कागदावर सही कुणाची लागते? बडोद्याची, की सेव्हिलची?"

भाच्यानं मोबाइल काढून टिपून घेतलं. "सेव्हिलची म्हणाले तर?"

"तर किती वर्षांनी बडोद्याची होईल, ते विचार."

"ए, हात लावा रे," बोटीतून तांडेल ओरडला. जुनं इंजिन ओंडक्यांवरून हलवायचं होतं. भाच्यानं मोबाइल खिशात टाकला, मामांनी धोतराचा काष्टा खोचावा तशी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आणि दोघं दोन बाजूंनी दोरखंडाला लागले.